घरचे बियाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला निरोप धाडला की, यंदा तुम्ही नाचणीवर बोलावे. मी मनात म्हटले, नाचणीवर आपल्या भागात कोणी कोणाला काय सांगावयाचे? इथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणी नाचणीच्या भाकरीवर वाढल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी आपल्या बाळांना नाचणीचे सत्त्व चाटवले आहे. २०२३ साल हे तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा नाचणीचे लाडू, नाचणीचा केक, नाचणीची इडली यांवर इतकी व्याख्याने झाली की नाचणीलाच लाज वाटावी. तेव्हा आज मी पाककृती सांगणार नाही. मला बोलावयाचे आहे ते नाचणीच्या बियाण्यावर. हा विषय मी का निवडला, हे सांगण्यासाठी मला माझी स्वतःचीच एक चूक आपणांपुढे कबूल करावी लागेल.

माझे सासर महाड तालुक्यातले. खाली नदीकाठी थोडी भातशेती आणि वर डोंगरउतारावर वरकस जमीन. वरकस म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या सुनांसाठी सांगते. जिथे पाणी थांबत नाही, बांध घालून भात लावता येत नाही, अशी उताराची हलकी जमीन. तिथे एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे हरीक किंवा तीळ, आणि मग काही वर्षे जमीन पडीक ठेवावयाची, अशी जुनी रीत होती. सासूबाई होत्या तोपर्यंत आमच्या वरकसात दरसाल नाचणी होई. ती गरवी होती, म्हणजे उशिरा तयार होणारी. कणसाची बोटे मुठीसारखी आत वळलेली, दाणा गडद तांबडा. भाकरी थापताना ती कधी चिरायची नाही. २०११ साली सासूबाई गेल्या. त्यानंतर एकच पावसाळा आम्ही नाचणी लावली. मुले मुंबईला, यजमान औद्योगिक वसाहतीत नोकरीला, मजूर मिळेना, आणि जे पिकेल ते रानडुकरे व वानर सोडीनात. शेवटी आम्ही वरकस टाकले. माळ्यावर सासूबाईंच्या हातचे एक मडके होते, तोंड शेणमातीने लिंपलेले, आत नाचणी. मी निर्धास्त होते. नाचणी दहा वर्षे ठेवली तरी तिला कीड लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

२०१७ साली माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली. नातू सहा महिन्यांचा झाला तेव्हा मी ते मडके मोठ्या हौसेने उतरवले. म्हटले, पणजीच्या हातची नाचणी बाळाच्या तोंडी लागेल. दाणा अगदी चांगला होता. एक किडा नाही, वास नाही. रात्रभर भिजत घातली, फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो मोड नाही. तिसऱ्या दिवशी पाहिले, तर इकडेतिकडे चारदोन दाण्यांना पांढरे टोक आलेले आणि बाकीचे आंबून वास मारू लागलेले. मला वाटले, आपलेच काही चुकले. दुसरी पायली भिजवली. तेच झाले. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला की, मी इतकी वर्षे जे बियाणे म्हणून जपले होते, ते बियाणे राहिलेच नव्हते. नुसते धान्य उरले होते.

भगिनींनो, नाचणी खाण्यासाठी दहा वर्षे टिकते, हे अगदी खरे आहे. दाणा बारीक, वरचे कवच टणक, त्यामुळे साठवणीची कीड तिच्या वाटेला फारशी जात नाही. म्हणूनच आपले वाडवडील दुष्काळाची सोय म्हणून नाचणीच्या कणग्या भरून ठेवीत. परंतु उगवण्याची शक्ती ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या कोकणच्या दमट हवेत घरात ठेवलेल्या दाण्याचा जीव दोनतीन पावसाळ्यांत ओसरू लागतो. दाणा दिसायला तसाच, दळायला तसाच, भाकरीही तशीच. पण मातीत घातला तर रुजत नाही. सासूबाईंना हे कोणी शिकवले नव्हते. त्या दरसाल पेरीत, दरसाल नवे बियाणे राखीत, म्हणून हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. आम्ही पेरणे थांबवले आणि मडके मात्र जपून ठेवले.

त्यानंतर मी आमची ती नाचणी शोधू लागले. तेव्हा दुसरी फजिती कळली. कोणाला विचारावे, तर त्या नाचणीचे नावच मला ठाऊक नव्हते. घरात सगळे तिला 'घरची' म्हणत. 'घरची काढ', 'घरची पेर', एवढेच. आता दुसऱ्याच्या दारात जाऊन 'तुमच्याकडे आमची घरची आहे का हो?' असे कसे विचारावयाचे? मी कणसाचे वर्णन करी, मुठीसारखे, तांबड्या दाण्याचे, दिवाळीनंतर कापणीला येणारे. गावातल्या वहिनी म्हणत, "होती खरी तशी. पण आता कोण लावतंय?" अखेर २०१८ साली आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीत, नात्यातल्या एका लग्नाला गेले असता, एक म्हातारी भेटली. तिच्या पडवीत आढ्याला कणसांची जुडी टांगलेली. मी टक लावून पाहिले तशी ती म्हणाली, "अगो बाय, पाहतेस काय? हवी असली तर ने मूठभर. पण लावशील तरच ने. पिठाला नको नेऊस." मी मूठभर आणली. ती आमची नव्हती. हिची बोटे थोडी उघडी, दाणा विटकरी. पण गरवी होती, डोंगराची होती. आमची ती पुन्हा मिळाली नाही.

आता कोणी म्हणेल, एक जात गेली तर काय बिघडले? दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालापासून ते कोकणच्या पिकांवर काम करीत आहे, दापोली-१, दापोली-२ असे नाचणीचे सुधारलेले वाण त्यांनी दिले आहेत. हे सर्व खरे आहे, आणि ज्यांना उत्पन्नासाठी नाचणी करावयाची आहे त्यांनी ते वाण अवश्य घ्यावेत, त्यांत कमीपणा काही नाही. परंतु विद्यापीठालाही नवा वाण घडवताना कच्चा माल लागतो, तो आपल्यासारख्यांच्या वरकसातूनच जातो. कुठली नाचणी उभ्या पावसात लोळत नाही, कुठली कातळाच्या चार बोटे मातीत तग धरते, कुठल्या नाचणीवर करपा कमी पडतो, हे गुण पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या डोंगरावर निवडले गेले आहेत. मुळात ही नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली. तिथल्या बायकांनी रानगवतातून ती वेचून माणसाळवली, आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्या देशात आली. तिचे एक रानटी भावंड आजही आपल्या शेतात उगवते. बेणणी करताना पोरीसोरींना फसवते ते गवत, बुंध्याशी पांढरट आणि चपटे, ओढले तर हात सोलवटेल पण मूळ सुटणार नाही असे. ते नाचणीच्याच कुळातले आहे. म्हणजे एका गवताला आपण कणगीत ठेवतो आणि त्याच्या चुलतभावाला उपटून बांधावर टाकतो. फरक काय तो माणसाच्या हाताचा. हात काढून घेतला की रानातले गवत आपले आपण जगते, कणगीतले जगत नाही.

पौष्टिकतेचे थोडक्यात सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांत १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम चुना दाखवला आहे. पांढऱ्या सडीक तांदळात तो दहाच्याही आत आहे. बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या हाडांना नाचणी का देत, ते यावरून ध्यानात येईल. पण आज आपण दुकानातून जी नाचणी आणतो, ती पुष्कळदा कर्नाटकातून आलेली असते, कारण देशात सर्वांत जास्त नाचणी तिथे पिकते. ती वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपली वरकसे ओस आणि आपण पिशवी घेऊन दुकानात, एवढेच मला खटकते.

आता कामाचे बोलू. सबंध वरकस पुन्हा लागवडीखाली आणा, असे मी म्हणणार नाही. रानडुकरांचा उपाय माझ्यापाशी नाही आणि मजुरांचाही नाही. मी एका गुंठ्याचेच बोलते. घराजवळ, परसाला लागून, जिथे आपला डोळा आणि कुत्र्याचे भुंकणे पोचते अशी जागा निवडावी. एका गुंठ्याला ५० ग्रॅम बियाणे पुरते. नाचणीचा दाणा इतका बारीक की त्या ५० ग्रॅमांत पंधरा हजारांवर दाणे असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या सोयीची आहे. मका किंवा बाजरी यांचे पराग वाऱ्याने उडतात, त्यामुळे शेजारच्या शेतातल्या जातीशी त्यांची भेसळ होते. नाचणीचे तसे नाही. तिचे फूल बहुधा आपल्या आपणच फळते. म्हणून शेजारणीने दुसरी नाचणी लावली असली तरी आपली बिघडत नाही. एवढ्याशा जागेतही जात शुद्ध राहते.

रोपासाठी पूर्वी राब भाजीत. टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून पेटवीत आणि त्या राखेत पेरीत. त्यात तण मरे हे खरे, परंतु त्यासाठी झाडे किती ओरबाडावी लागत तेही आपण पाहिले आहे. आता गादीवाफा करावा. हातभर उंच नको, चार बोटे उंच पुरे, म्हणजे पाणी साचत नाही. गुंठ्यासाठी एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब वाफा, त्यात चांगले कुजलेले शेणखत. पावसाने जम धरला की ओळींत पातळ पेरावे आणि वरून बोटाच्या पेराइतकीच माती ओढावी. खोल गेलेला दाणा वर येत नाही. पातळ पेरा, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपला हात उदार असतो आणि रोपे दाटीने काडीसारखी वाढतात.

तीन आठवड्यांचे रोप लावणीला घ्यावे. महिन्यावर गेलेले रोप लावले तर फुटवे कमी येतात. ओळी उताराला आडव्या घ्याव्यात, वीतभर अंतराने, आणि ओळीत चार बोटांवर दोन दोन रोपे लावावीत. उताराच्या दिशेने उभ्या ओळी लावल्या तर पहिल्याच मोठ्या सरीत खत आणि माती खालच्या ओढ्याला जाते. गुंठ्याला ५० किलो शेणखत पुरे. युरियाची मूठ भरभरून टाकण्याचा मोह आवरावा, त्याने पीक हिरवेगार दिसते आणि करप्याला आमंत्रण मिळते. लावणीनंतर तीन आठवड्यांनी एक बेणणी, आणि लागलीच तर आणखी एक. त्या चुलतभावाला विसरू नये.

बियाणे राखावयाचे ते कापणीनंतर नव्हे, कापणीपूर्वी. इथेच आपले पुष्कळदा चुकते. आपण सगळे पीक मळतो आणि ढिगातून शेर दोन शेर बाजूला काढतो. त्या ढिगात रोगट कणसाचा दाणाही आला. करपा पानावर पडतो तसा कणसाच्या मानेवरही पडतो, मान काळी पडते, कणीस पोचट राहते, आणि हा रोग बियाण्याबरोबर पुढच्या वर्षी जातो. म्हणून कणसे पिवळसर होऊ लागली की एके दिवशी सकाळी रंगीत चिंध्या घेऊन गुंठ्यात शिरावे. कडेची झाडे सोडावीत. मधल्या झाडांतून निरोगी, न लोळलेली, आपल्या जातीच्या वळणाची पन्नाससाठ झाडे पाहून चिंधी बांधावी. दोनचारच सर्वांत मोठी कणसे घेतली तर पुढच्या वर्षी सारे पीक त्यांच्याच वळणाचे होते, आणि जातीत जी अनेक तऱ्हांची ताकद असते ती निसटते.

ही कणसे वेगळी खुडावीत. बाकीच्या कणसांचा ढीग आपण मळणीपूर्वी दडपून ठेवतो, त्यात उष्णता धरते. भाकरीच्या धान्याला ते चालते, बियाण्याला नाही. बियाण्याची कणसे पातळ पसरून तीनचार उन्हे द्यावीत, हाताने चोळून किंवा काठीने हलके झोडून दाणा काढावा, सुपाने पाखडावा, आणि दाताखाली कट्‌ करून फुटेपर्यंत वाळवावा. पूर्वी कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगीत, म्हणजे धूर आणि ऊब दोन्ही मिळे. गॅस आल्यापासून आपले डोळे वाचले, ते चांगलेच झाले, पण माळा मात्र दमट राहतो. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, दाण्यांत कोरडी चाळलेली राख मिसळावी, डबा काठोकाठ भरावा. चिठ्ठीवर नाव, गाव आणि साल लिहून ती डब्यात टाकावी. नाव नसेल तर ठेवावे. माझ्यासारखी गत होऊ देऊ नका.

आणि वैशाखात परीक्षा घ्यावी. नवरात्रात आपण घट बसवतो आणि धान्य किती रुजले ते नऊ दिवस कौतुकाने पाहतो. तसेच शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यावर ठेवावेत आणि पाचव्या दिवशी मोजावे. ऐंशीच्या वर मोड आले तर उत्तम. पन्नास-साठ आले तर बियाणे दुप्पट पेरावे. त्याहून कमी आले तर जूनची वाट न पाहता शेजारणीकडे जावे.

शेजारणीचा विषय निघाला म्हणून २०२१ सालाचे सांगते. त्या वर्षीचा जुलै कोणी विसरणार नाही. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही माणसे गेली, आणि महाड शहर सावित्री-गांधारीच्या पाण्यात बुडाले. जिथे माणसेच गेली तिथे धान्याची गोष्ट काढू नये, हे मला समजते. माझ्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढले, एवढेच. चिखल काढताना तो डबा सापडला, त्याचे झाकण उघडलेले आणि आत लगदा. घाटातल्या म्हातारीची नाचणी त्या डब्यात होती. त्या वर्षी आमची लावणी नदीकाठच्या परसात होती, तीही वाहून गेली. मी डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात आठवले की, आदल्या दिवाळीत वरच्या वाडीतल्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "वन्संना बी दिलंत नि मला नाही का?" आणि मी त्यांना ओंजळभर दिले होते. रागाने, खरे सांगायचे तर. त्यांनी ते लावले होते. आज माझ्याकडे जी नाचणी आहे ती त्या ओंजळीची. तेव्हापासून बियाणे मी कधी एका घरात ठेवीत नाही. एक वाटा नदीकाठच्या घरात, एक डोंगरावरच्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी बियाण्यांचा मोठा संग्रह केला, आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याएवढे काम आपल्या हातून होईल असे नाही. परंतु बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, एकमेकींना देण्याघेण्याचा हक्क आपल्याला आहे, २००१ सालच्या पीक वाणांच्या व शेतकऱ्यांच्या हक्कांच्या कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे. तेव्हा कोणाला भिण्याचे कारण नाही.

ज्या भगिनी शहरात राहतात, ज्यांना हातभर अंगण नाही, त्या म्हणतील आम्ही काय करावे? त्यांनी गावातल्या एका बाईची नाचणी दरसाल बांधून घ्यावी, दुकानापेक्षा चार रुपये जास्त देऊन. तिला गिऱ्हाईक आहे हे कळले की ती पेरते. माहेरी गेलात की आईला, आजीला, आत्याबाईंना विचारा, तुमच्याकडे कुठली नाचणी होती, वरी कुठली होती, तिला काय म्हणत, आता कोणाकडे आहे. ही विचारणा मात्र लवकर करा. मी सासूबाईंना एकदाही विचारले नाही.

आज मी पन्नास पन्नास ग्रॅमच्या बावीस पुड्या बांधून आणल्या आहेत. यंदा वैशाखात मोजले तेव्हा शंभरांपैकी अठ्ठ्याऐंशी दाणे रुजले होते. दाराशी वही ठेवली आहे. पुडी नेताना नाव आणि वाडी लिहावी, आणि पुढच्या वर्धापनदिनाला दोन पुड्या परत आणाव्यात. एक मंडळाच्या डब्यासाठी आणि एक दुसऱ्या भगिनीसाठी. पीक बुडाले तर तसे सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही, डब्यातून दुसरी मिळेल. म्हातारीने मला जी अट घातली होती तीच माझी अट आहे. लावणार असाल तरच न्या. पिठाची नाचणी माझ्याकडे वेगळी आहे, ती घरी आलात तर भाकरीबरोबर खाऊ घालीन.